हत्यारांकडे परतताना : धाराशिवच्या सुतारकामाची दोन हजार वर्षे

(थ्रेड)

१/१६
३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपी गेली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याची जमीन हादरली. काही क्षणांत दगडी भिंती ढासळल्या आणि सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. उजाडल्यावर ढिगाऱ्यांमध्ये अनेक ठिकाणी एक विलक्षण दृश्य दिसले. भिंती भुईसपाट झाल्या होत्या, पण लाकडी खांब आणि त्यांवरच्या तुळया जागच्या जागी उभ्या होत्या. हा थ्रेड त्या उभ्या राहिलेल्या लाकडांचा, ती घडवणाऱ्या हातांचा आणि त्या हातांच्या हत्यारांकडे परतण्याचा आहे.

२/१६
सुरुवात तेरपासून करावी लागते. तेरणेकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन ‘तगर’ ही ओळख जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तगर हे पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे नोंदवले आहे. तेथून तलम आणि जाडेभरडे कापड भडोच बंदरात जाई. हा माल रस्ते नसलेल्या मोठ्या मुलखातून गाड्यांवर लादून नेला जाई, असेही तो ग्रंथ सांगतो. सातवाहनकालीन व्यापार म्हटले की आपल्याला नाणी, मणी आणि रोमन मद्यकुंभ आठवतात. गाडी मात्र कोणाला आठवत नाही.

३/१६
गाडीचे चाक करणे ही सुताराची खरी परीक्षा. मधला तुंबा, त्यात बसवलेले आरे आणि त्यांवर वर्तुळाकार जोडलेले वक्र तुकडे. एक आरा केसभर जरी तिरका बसला तरी चाक डुगडुगते. सगळ्यांत शेवटी लोहार तापवून लाल केलेली लोखंडी धाव चाकावर चढवतो आणि पाणी ओततो. थंड होताना धाव आकसते आणि सगळे सांधे आवळून धरते. लाकूड पुरेसे वाळलेले नसेल तर उन्हाळ्यात चाक खिळखिळे होते. म्हणून सुतार बाभळीचे लाकूड आधी तोडून, मुरवून आणि वाळवून ठेवत असे. चाकाचे काम असे कित्येक महिने आधी सुरू होई.

४/१६
लाकूड कुजते, त्याला वाळवी लागते, ते जळते. त्यामुळे प्राचीन सुतारकामाचा पुरावा बहुधा दगडात शोधावा लागतो. तेरचे त्रिविक्रम मंदिर पाहा. मागची बाजू अर्धवर्तुळाकार आणि छप्पर पाठीसारखे गोलाईचे. मुळात हे विटांत बांधलेले चैत्यगृह असल्याचे अभ्यासक मानतात. त्या छपराचा आकार विटेच्या स्वभावातून आलेला नाही. लाकडाच्या वाकवलेल्या फासळ्यांवर शाकारलेल्या छपराचे ते अनुकरण आहे. गवंड्याने ते विटांत उतरवले, पण मूळ कल्पना सुताराची होती.

५/१६
भाजे आणि कार्ले येथे तर खरे लाकूडच शिल्लक आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दगडी छताला आतून लाकडी फासळ्या बसवलेल्या आहेत. छत एकाच कातळाचे, त्याला आधाराची गरज शून्य. तरीही फासळ्या लावल्या, कारण लाकडाशिवाय वास्तू पूर्ण वाटतच नव्हती. कार्ल्याच्याच एका ब्राह्मी शिलालेखात धेनुकाकटचा सामी, वेणुवासाचा पुत्र, या ‘वढकी’ने लेण्याचे द्वारमुख केल्याची नोंद आहे. वढकी म्हणजे संस्कृतातला वर्धकी, म्हणजेच सुतार. महाराष्ट्राच्या इतिहासात नावानिशी भेटणाऱ्या सर्वांत जुन्या कारागिरांत सामीची गणना करावी लागेल.

६/१६
धाराशिव जिल्ह्यापुरते बोलायचे तर सर्वांत मौल्यवान पुरावा तेरमध्येच आहे. विटांच्या उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारचौकट. इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकातील हे लाकूड आज तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे शासकीय संग्रहालयात जपलेले आहे. पॉम्पेईच्या हस्तिदंती मूर्तीशी नाते सांगणारी छोटी हस्तिदंती स्त्रीप्रतिमा पाहायला लोक या संग्रहालयात येतात आणि चौकटीवरून नजर फिरवून पुढे जातात. वास्तविक इतक्या जुन्या काळातील घडीव लाकूड महाराष्ट्रात फारच थोड्या ठिकाणी टिकले आहे.

७/१६
आता मध्ययुग आणि बलुतेदारी. सुतार बलुतेदारांच्या पहिल्या ओळीतला, कारण त्याच्यावाचून पेरणी अडे. नांगर, वखर, कुळव, तिफण, मोटेचे चाक, गाडी, चौकट, पाळणा आणि शेवटची तिरडीसुद्धा त्याच्याकडे किंवा त्याच्या हत्यारांकडे येई. त्याची हत्यारे मोजकी होती. लाकूड तासायला वाकस, कापायला करवत, गुळगुळीत करायला रंधा, खाच पाडायला पटाशी आणि विंधणे, ठोकायला मोगरी, काटकोन पाहायला गुण्या, भोक पाडायला दोरीने फिरणारा सामता. मोबदला रोख नव्हता. सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. ही व्यवस्था जातीने बांधलेली आणि विषम होती. सुताराचा मुलगा सुतारच होणार, हे त्याला न विचारता ठरलेले असे. तिच्या आठवणीत रमताना ही बाजू विसरता येत नाही.

८/१६
याच सुताराने मराठवाड्याचे घर घडवले. या घराचे माप चौरस फुटांत नव्हे, खणांत सांगत. दोन खांबांमधले, साधारण अडीच मीटरचे अंतर म्हणजे एक खण. पाच खणी घर, सात खणी घर असे म्हटले की कुटुंबाची ऐपत कळे. दगडी तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, तुळयांवर कडीपाट आणि त्यावर मातीचा जाड थर. हेच माळवद. ज्याची ऐपत असे तो सागवान आणी, बाकीचे बाभूळ किंवा कडुनिंबावर भागवत. सांधे खिळ्यांवर अवलंबून नसत. एका लाकडाला कुसू काढायचे, दुसऱ्यात त्याच्या मापाचे भोक पाडायचे आणि दोन्ही एकमेकांत घट्ट बसवायचे.

९/१६
मग १९९३ मध्ये इतकी माणसे का गेली? कारणे समजून घेणे आवश्यक आहे. भिंती साठ सेंटिमीटरपासून एक मीटरहूनही जाड होत्या. आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन दगडी पापुद्र्यांमध्ये मातीचा भराव असे आणि दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुधा नसत. हादऱ्यात हे पापुद्रे सुटे झाले. त्यातच माळवद गळू नये म्हणून त्यावर वेळोवेळी नवी माती टाकली जाई. पिढ्यान्‌पिढ्या तो थर अर्ध्या मीटरहूनही जाड झाला होता. उन्हाळ्यात गारवा देणारे छप्पर त्या पहाटे जीवघेणे ओझे ठरले.

१०/१६
जेथे छपराचा भार लाकडी सांगाड्यावर होता, तेथे भिंत पडूनही छप्पर अधांतरी राहिल्याची उदाहरणे आढळली. याचा अर्थ लाकडी सांगाडा निर्दोष होता असा मुळीच नाही. तो उभा भार उत्तम पेलत असे. आडव्या हादऱ्यासाठी खांब आणि तुळई यांच्या कोनात जो तिरपा टेकू हवा, तो त्यात नव्हता. शतकानुशतके मोठा भूकंप न पाहिलेल्या प्रदेशात तो कोणाला सुचण्याचे कारणही नव्हते. सुताराचे ज्ञान अनुभवातून आलेले होते आणि या अनुभवाला त्यात जागा नव्हती.

११/१६
पुनर्वसन दोन वाटांनी झाले. ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी, चौकटबंद आखणीत वसवली गेली. त्यांत सिमेंट, लोखंड आणि काँक्रीट आले. दगड आणि लाकूड या दोहोंवरचा लोकांचा विश्वास उडाला होता आणि आप्तांना ढिगाऱ्यातून काढलेल्या माणसांना त्याबद्दल दोष कोण देणार? दुसरी वाट दुरुस्ती आणि मजबुतीकरणाची होती. जवळपास दोन लाख घरे या कार्यक्रमाखाली आली. माळवदाची माती कमी करणे, भिंतीत आरपार बांधदगड घालणे, वरून काँक्रीटचा पट्टा फिरवणे आणि लाकडी खांब-तुळईच्या कोनात तिरपे टेकू बसवणे, असे त्याचे उपाय होते.

१२/१६
यातला शेवटचा उपाय नीट पाहा. जुन्या घराचे दोन खांब सारखे नसतात. एखादा किंचित वाकलेला, एखाद्याला मध्येच गाठ, एखादी तुळई शंभर वर्षांच्या भाराने खाली झुकलेली. तेथे कारखान्यातून कापून आणलेला टेकू जसाच्या तसा बसत नाही. माप जागेवर घ्यावे लागते, कोन जागेवर काढावा लागतो आणि पटाशीने खाच जागेवर पाडावी लागते. म्हणजे खणांचे घर ज्याने आयुष्यभर हाताळले, त्याच्याच कामाची ही जागा होती. अभियंत्याचे नवे ज्ञान आणि सुताराचे जुने ज्ञान एका सांध्यात बसू शकत होते. उमरगा आणि आजच्या लोहारा तालुक्यातील भूकंपग्रस्त पट्ट्याच्या इतिहासातील हा धडा पुरेसा शिकला गेला नाही.

१३/१६
कारण तोवर सुताराची पुढची पिढी हत्यारांपासून दूर गेली होती. लोखंडी नांगर आला, मग ट्रॅक्टर आला. गाडीला रबरी टायर बसले, दारे-खिडक्या लोखंडाच्या झाल्या, फर्निचर प्लायवूडचे झाले. मुले पुण्या-मुंबईच्या कारखान्यांत आणि बांधकामांवर गेली. ज्यांनी लहानपणी वडिलांसमोर बसून करवतीचे दुसरे टोक ओढले होते, त्यांचे उमेदीचे आयुष्य यंत्रांवर गेले. त्यांतले कितीतरी जण आज साठीच्या पलीकडे आहेत. गावी परतलेला असा माणूस माळ्यावरची गंजलेली पटाशी उतरवून दगडावर घासू लागतो, तेव्हा तो केवळ वेळ घालवत नसतो. हाताला काय आठवते आहे, हे तो तपासत असतो.

१४/१६
अशा परतण्याने काय साधते, याचे उत्तर जपानमध्ये मिळते. नारा येथील होर्यूजी हे जगातील सर्वांत जुन्या लाकडी वास्तूंपैकी एक. तेथील पिढीजात मंदिर-सुतार त्सुनेकाझू निशिओका (१९०८–१९९५) यांनी जीर्णोद्धाराच्या वेळी जुन्या खांबांवरच्या खुणा अभ्यासल्या. त्या खुणा भाल्याच्या पात्यासारख्या ‘यारिगान्ना’ या हत्याराच्या होत्या आणि ते कित्येक शतकांपूर्वीच वापरातून गेले होते. निशिओकांनी ते नव्याने घडवून घेतले आणि चालवायला शिकले. पुढे साठी ओलांडल्यावर त्यांनी याकुशीजी मंदिराच्या पुनर्बांधणीचे नेतृत्व केले. तेथील मुख्य सभागृह १९७६ मध्ये आणि पश्चिम पॅगोडा १९८१ मध्ये पूर्ण झाला. हत्यार हरवले होते, पण लाकडाने त्याची खूण जपली होती आणि ती वाचू शकणारा एक वृद्ध सुतार तेथे होता.

१५/१६
हातकामाचे ज्ञान दोनच ठिकाणी राहते, लाकडावरच्या खुणांत आणि म्हाताऱ्या हातांत. धाराशिव जिल्ह्यात आज दोन्ही आहेत, पण दोन्हींचे आयुष्य थोडे आहे. खणांची घरे पाडली की तुळया जळणात जातात किंवा जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. २०२३ मध्ये याच तारखेला सुरू झालेल्या केंद्राच्या विश्वकर्मा योजनेत सुतारासह १८ व्यवसाय आहेत आणि हत्यारांच्या संचासाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आहे. नवे हत्यार पैशाने मिळते. ते कुठल्या कोनात धरायचे आणि लाकडाची नस उलटली की हात कुठे थांबवायचा, हे मात्र माणसाकडूनच माणसाकडे जाते. पूर्वी ते जातीच्या कुंपणाआत जाई. आता ते ज्याला हवे त्याला शिकता यायला हवे.

१६/१६
तेरला गेलात तर हस्तिदंती प्रतिमेनंतर त्या लाकडी चौकटीपुढे जरा जास्त वेळ उभे राहा. ती घडवणाऱ्याचे नाव आपल्यापर्यंत आलेले नाही. आणि आजोळी किंवा गावी एखादे खणांचे घर अजून उभे असेल, तर त्याचे खण मोजा, सांध्यांची छायाचित्रे घ्या, तुळईवर वाकसाचे घाव दिसतात का ते पाहा. शेजारी एखादे वृद्ध सुतार असतील तर त्यांना त्यांच्या हत्यारांची नावे विचारा आणि ती त्यांच्याच उच्चारात लिहून ठेवा. कार्ल्याच्या सामीचे नाव दगडावर कोरले गेले म्हणून उरले. या आजोबांचे नाव आणि त्यांचे ज्ञान लिहून ठेवण्याचे काम आपल्या पिढीकडे आले आहे.

(समाप्त)