आनंदीबाईंचे माहेर : स्त्रियांच्या वंशावळीचा एक शोध

आपल्या घराण्याच्या सात पिढ्या अस्खलित सांगणारे गृहस्थ गिरगावात काय किंवा दादरात काय, आजही आढळतात. परंतु त्याच सात पिढ्यांतील सुनांची माहेरे विचारली, म्हणजे बहुतेकांची धाव आजीपाशीच संपते. यात स्मरणशक्तीचा दोष थोडा व नोंदी ठेवण्याच्या रीतीचा अधिक आहे. घराण्याची नोंद पुरुषाच्या नावाने चालते. विवाहानंतर स्त्रीचे आडनाव व गोत्र पालटे; पुष्कळ कुटुंबांत जन्मनावही लोप पावे. अशा स्त्रीचे कुळ शोधणे किती बिकट असते, हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांच्या उदाहरणावरून चांगले कळते.

११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत चौपाटीनजीक शारदासदन उघडले. तेथील आरंभीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई नातू या बालविधवा होत्या. विवाहानंतर अवघ्या तीन महिन्यांत त्यांना वैधव्य आले होते. त्यांचे बंधू नरहरपंत जोशी हे कर्व्यांचे स्नेही. पुढे सदन पुण्यास गेले, कर्व्यांच्या प्रथम पत्नी राधाबाई १८९१ साली निवर्तल्या आणि ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्या आनंदीबाई झाल्या. मुरूडच्या ग्रामस्थांनी या विवाहामुळे कर्व्यांवर बहिष्कार घातला.

आता कर्वे घराण्याच्या वंशावळीवरून निघालेला शोधक 'आनंदीबाई' या नावापाशी येतो. हे नाव माहेरच्या जुन्या कागदांत सापडावयाचे नाही, कारण ते १८९३ पूर्वी त्यांचे नव्हतेच. शारदासदनाच्या हकिकतीत 'नातू' आडनाव भेटते. पण ते पहिल्या सासरचे. त्याच्याही मागे गेल्यावर देवरुखचे जोशी हे माहेर हाती लागते. त्यातही फसगत होण्याचा संभव आहेच. त्याच काळात डॉक्टर आनंदीबाई जोशी होऊन गेल्या. त्यांचे जन्मनाव यमुना, आणि माहेर व सासर दोन्हीकडचे आडनाव जोशी. रमाबाई रानडे यांचेही जन्मनाव यमुनाच, माहेर कुर्लेकर. तेव्हा नुसते नाव किंवा नुसते आडनाव हाती असून भागत नाही. त्यांच्या जोडीला गाव, गोत्र आणि पित्याचे नाव लागते.

ही जोड मिळण्याची आपल्याकडे तीन ठिकाणे आहेत. त्र्यंबकेश्वर व नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या घराण्यांची नावे गाववार व आडनाववार उतरलेली असतात. जुन्या नोंदी मोडी लिपीत आहेत. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी कुलवृत्तांत छापले. त्यांत सुनेचे माहेर व लेकीचे सासर देण्याचा प्रघात पडला. तिसरे ठिकाण म्हणजे श्राद्धविधी. त्यात माता, पितामही व प्रपितामही यांचा नामोच्चार होतो, तसाच मातामहाचाही. परंतु तेथेही स्त्रीचे नाव सासरचेच व गोत्र पतीचेच.

ही अडचण जगात सर्वत्र सारखी नाही. अमेरिकेतील चेरोकी लोकांत कुळ परंपरेने आईकडून चालते. तेथे विवाहाने स्त्रीचे कुळ बदलत नाही व अपत्ये मातेच्याच कुळातील गणली जातात. तथापि १८९३ साली अमेरिकन सरकारने डॉझ आयोग नेमला आणि त्याने त्या लोकांच्या याद्या सरकारी पद्धतीने केल्या. आज चेरोकी आजीचा माग काढणाऱ्यास त्या याद्यांचाच आधार घ्यावा लागतो. नोंद करणारा ज्या दृष्टीने पाहतो, तेवढेच कागदावर उरते, हा बोध दोन्हीकडे एकच.

आनंदीबाईंच्या बाबतीत हा माग अखेर कोणत्या वहीने जुळविला? त्यांच्या स्वतःच्या कथनाने. 'माझे पुराण' हे त्यांचे आत्मचरित्र १९४४ साली प्रसिद्ध झाले. माहेर, पहिले सासर, वैधव्य व पुनर्विवाह या साऱ्यांचा धागा त्यात एका स्त्रीच्या तोंडून सलग ऐकू येतो. त्यांचे पुत्र दिनकर कर्वे यांनी १९६३ साली काढलेल्या इंग्रजी ग्रंथात त्यातील भाग जगापुढे ठेवला. दिनकररावांच्या पत्नी इरावतीबाई यांनी तर १९५३ साली भारतातील नातेसंबंधांवरच मोठा ग्रंथ लिहिला. इरावतीबाईंचा जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातला. तेथील इरावती नदीवरून त्यांचे नाव पडले. जन्मस्थळाची खूण नावातच राहिली, आणि ते नाव पुढेही टिकले.

सर्वच स्त्रिया आत्मचरित्र लिहीत नाहीत. परंतु घरातील वृद्ध स्त्रीस तिचे जन्मनाव, आईवडिलांची नावे, माहेरचे गाव व गोत्र, आणि आईचे माहेर एवढे पाच प्रश्न विचारून उत्तरे वहीत लिहून ठेवण्यास एक दुपार पुरते. ती गेल्यावर हीच उत्तरे मिळविण्यास दूरदूरचे गाव धुंडाळावे लागतात, आणि पुष्कळदा तेथेही तिचे नाव कोणी लिहिलेलेच नसते.