पेटीतले पिस्तूल आणि कमरेचे पिस्तूल

खंडेनवमीच्या दिवशी जुन्या घरांतून शस्त्रे बाहेर निघतात. वर्षभर खुंटीला टांगलेली किंवा पेटीत गुंडाळून ठेवलेली तलवार पुसली जाते, तिला तेल लागते, गंध-फूल वाहिले जाते आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आपल्या जागी जाते. ज्या पूर्वजाने ती कमरेला लावली त्याला अशी पूजा करण्यास फारशी सवड मिळाली असेल असे वाटत नाही. शस्त्राचा आदर करण्याच्या या दोन रीती आहेत : एक ते जपून ठेवण्याची, दुसरी ते जवळ बाळगण्याची. संग्रहालयातील काचेच्या कपाटापुढे उभे राहणाऱ्याला पहिली रीत स्वाभाविक वाटते. परंतु त्या कपाटातील वस्तूला जे मोल आले आहे ते बहुधा दुसऱ्या रीतीमुळेच आलेले असते.

या गोष्टीचा प्रत्यय आणून देणारे एक पिस्तूल आहे. आज जगभरचे संग्राहक ते मोठ्या हौसेने मिळवतात आणि कुलुपात ठेवतात. त्याचे नाव माउझर. त्याची कथा जर्मनीतील एका कारखान्यात सुरू होते. पण तिला वळण मिळाले ते मुंबईच्या धक्क्यावर, आणि तिचा भारताशी संबंध पुढे कलकत्ता, बालासोर व काकोरीपर्यंत पोहोचला.

नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ गावात माउझर बंधूंचा बंदुकांचा कारखाना होता. तेथे काम करणाऱ्या फेडर्ले बंधूंनी १८९५ च्या सुमारास एक स्वयंभरणी पिस्तूल तयार केले. त्याचे एकस्व मात्र मालक पॉल माउझर यांच्या नावे घेतले गेले. १८९६ हे वर्ष त्याच्या नावाला कायमचे चिकटले. त्याचे रूप चमत्कारिक होते. गोळ्यांचे घर मुठीत नसून चापाच्या पुढे, पेटीसारखे बाहेर आलेले. मूठ बारीक व गोल, केरसुणीच्या दांड्यासारखी. आणि म्यान लाकडाचे. हे लाकडी म्यान मुठीच्या मागे जोडले की पिस्तुलाची छोटी बंदूक होई व ती खांद्याला लावून झाडता येई. दहा गोळ्यांची पट्टी वरून दाबली की पिस्तूल भरले. त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या कमरेला जे वेब्ले रिव्हॉल्व्हर असे, त्यात सहाच गोळ्या मावत. तरीही लष्करांनी या नव्या शस्त्राचे स्वागत केले नाही. खुद्द जर्मन सैन्याने १९०८ मध्ये दुसऱ्याच पिस्तुलाची निवड केली. यामुळे माउझर ही प्रथम सरकारी कोठारातली वस्तू झाली नाही. ती व्यक्तीने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या पसंतीने विकत घ्यावयाची वस्तू झाली.

त्या विकत घेणाऱ्यांपैकी एक होता विन्स्टन चर्चिल.

ऑक्टोबर १८९६ मध्ये चौथ्या हुसार पलटणीबरोबर हा एकवीस वर्षांचा लेफ्टनंट मुंबईला आला. कुलाब्याचा ससून डॉक १८७५ मध्ये बांधला गेला होता. कोळ्यांच्या टोपल्यांची आज तेथे जी वर्दळ असते ती मुंबईकरांच्या परिचयाची आहे. लहान होडीतून उतरताना चर्चिलने धक्क्याच्या भिंतीतील लोखंडी कडे हाताने पकडले. त्याच क्षणी लाटेबरोबर होडी खाली गेली, हात वर राहिला आणि उजवा खांदा जोराने हिसकला गेला. त्या वेळी ती दुखापत किरकोळ वाटली. पुण्याजवळच्या छावणीत थोडा मुक्काम करून पलटण बंगळूरला गेली. पण तो खांदा पुढे जन्मभर निखळत राहिला. पोलो खेळताना त्याला दंड शरीराशी बांधून घ्यावा लागे. घोडदळाच्या अधिकाऱ्याला याचा अर्थ एकच होता : वेगात असलेल्या घोड्यावरून तलवारीचा पुरा हात टाकणे यापुढे धोक्याचे. नेमक्या वारापाशी खांदा निखळला तर तलवार गळून पडायची आणि तिच्यामागोमाग स्वारही.

म्हणून १८९८ मध्ये सुदानच्या मोहिमेवर निघताना त्याने लंडनमध्ये वेस्टली रिचर्ड्स यांच्या दुकानातून माउझर विकत घेतले. नव्याची हौस त्यात होतीच. पण त्या हौशीच्या मुळाशी शरीराची गरज होती.

२ सप्टेंबर १८९८ रोजी ओम्दुर्मानजवळ किचनेरचे सैन्य आणि खलिफा अब्दुल्लाहीचे सैन्य यांची गाठ पडली. ही लढाई बरोबरीची नव्हती. एका बाजूला तोफा, मॅक्झिम यंत्रबंदुका व नव्या रायफली; दुसऱ्या बाजूला बहुतेक भाले, तलवारी आणि जुन्या बंदुका. दिवस मावळेपर्यंत सुमारे दहा हजार सुदानी ठार झाले होते. किचनेरच्या सैन्यात मृतांची संख्या पन्नासच्या आसपास होती. त्या कत्तलीच्या दिवसातील एक लहानसा प्रसंग म्हणजे एकविसाव्या लान्सर्स पलटणीचा हल्ला. सुमारे तीनशे स्वार समोर दिसणाऱ्या एका विरळ रांगेवर धावून गेले. जवळ गेल्यावर कळले की त्या रांगेमागे कोरडा नाला आहे आणि नाल्यात दोन हजारांहून अधिक माणसे दाटीवाटीने उभी आहेत. घोडे थांबवणे शक्य नव्हते.

चर्चिलच्या हाती आरंभी तलवार होती. दौडत्या घोड्यावर त्याने ती म्यान केली आणि लाकडी म्यानातून माउझर बाहेर काढले. हे काम सोपे नसते. पूर्वी सराव केलेला असेल तरच ते त्या घाईत साधते. पुढची दोन मिनिटे नाल्यात आणि नाल्याच्या पलीकडे हातघाईची गेली. एका माणसाच्या अंगाला पिस्तूल प्रत्यक्ष भिडले इतके अंतर कमी होते, असे त्याने पुढे लिहून ठेवले आहे. गर्दीतून तो बाहेर पडला तेव्हा दहाही गोळ्या संपल्या होत्या आणि त्याला ओरखडाही उठला नव्हता. त्या हल्ल्यात पलटणीचे एकवीस जण ठार झाले, पन्नासच्या आसपास जखमी झाले आणि शंभरावर घोडे गेले. मुंबईच्या धक्क्यावर निखळलेल्या खांद्याने आपला जीव वाचवला असावा, हा विचार १९३० मध्ये आत्मचरित्र लिहिताना चर्चिलला सुचल्यावाचून राहिला नाही.

शस्त्र जवळ बाळगणाऱ्याचा विजय झाला, असे म्हणून कथा येथे संपवता आली असती. पण पुढच्याच वर्षाने तिला दुसरी बाजू जोडली.

१५ नोव्हेंबर १८९९. आता चर्चिल सैनिक नसून वृत्तपत्राचा बातमीदार होता. कमरेला माउझर मात्र होते. नाताळ प्रांतात एस्टकोर्टहून निघालेली चिलखती आगगाडी परतीच्या वाटेवर बोअर सैन्याच्या सापळ्यात सापडली व तिचे डबे रुळांवरून घसरले. गोळीबार चालू असताना तासाहून अधिक वेळ खपून चर्चिलने इंजिनाची वाट मोकळी करवली. या धावपळीत अडचण नको म्हणून त्याने पिस्तूल काढून इंजिनात ठेवले होते. जखमींना घेऊन इंजिन निसटले. मागे राहिलेल्यांना आणण्यासाठी तो पायी परतला आणि एका खोलगट वाटेत बंदूक रोखलेला बोअर घोडेस्वार समोर उभा राहिला. चर्चिलचा हात कमरेकडे गेला. कमर रिकामी होती. त्याने हात वर केले.

ज्या वस्तूने एका वर्षापूर्वी प्राण राखले ती वेळेला हाताशी नव्हती, ही झाली घटनेची एक बाजू. दुसरी बाजू अशी की, ती हाताशी असती तर रोखलेल्या बंदुकीपुढे पिस्तूल उपसणारा माणूस जिवंत राहिला असता की नाही याची शंकाच आहे. शिवाय गणवेश नसलेला बातमीदार लढताना सापडला तर युद्धकैद्याचे हक्क त्याला मिळतीलच असे नव्हते. त्याच्या खिशात माउझरच्या मऊ टोकाच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या शिल्लक होत्या. कलकत्त्याजवळच्या दमदम येथील कारखान्यामुळे ज्यांना दमदम गोळ्या हे नाव पडले, तशा शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांचा हेगच्या परिषदेने त्याच वर्षी निषेध केला होता. कैदी म्हणून चालता चालता चर्चिलने एक पट्टी गुपचूप टाकून दिली. दुसरी टाकताना पहारेकऱ्याने पाहिले. ओम्दुर्मानला जे भूषण होते ते येथे लपवण्याजोगे ओझे झाले. शस्त्र बाळगावे की ठेवून द्यावे या प्रश्नाला सदासर्वकाळ लागू पडणारे उत्तर नसते, हेच या दोन प्रसंगांवरून दिसते.

साम्राज्याच्या सैनिकाला हा प्रश्न हौसेने विचारता येत होता. साम्राज्याच्या प्रजेला तो विचारण्याची मुभा नव्हती. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरवला होता. ससून डॉकवर उतरणारा गोरा अधिकारी आवडेल ते पिस्तूल कमरेला लावू शके. त्याची होडी वल्हवणाऱ्याला तसे करता येत नव्हते. या विषमतेचे उत्तर देण्यासाठीच जणू माउझर पुन्हा हिंदुस्थानात आले, आणि या वेळी ते खोक्यात बंद होऊन आले.

२६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्याच्या जकात कचेरीतून रॉडा कंपनीच्या मालाची २०२ खोकी सोडवून घेण्यात आली. ते काम करणारा कारकून श्रीशचंद्र मित्र क्रांतिकारकांना सामील होता. कंपनीच्या वखारीत १९२ खोकी पोहोचली. दहा पोहोचलीच नाहीत. त्या दहांत ५० माउझर पिस्तुले आणि ४६ हजार गोळ्या होत्या. कारकूनही त्यांच्याबरोबर नाहीसा झाला. पुढे रौलट समितीने आपल्या अहवालात या चोरीला बंगालमधील क्रांतिकार्याच्या दृष्टीने फार मोठे महत्त्व दिले. पन्नासांपैकी ४४ पिस्तुले वेगवेगळ्या नऊ गटांना वाटली गेली आणि पन्नासाहून अधिक प्रकरणांत ती वापरली गेली, असे समितीला आढळले. प्रत्येक पिस्तुलावर कारखान्याचा क्रमांक होता व त्याची नोंद कंपनीच्या दप्तरी होती. आजचा संग्राहक ज्या क्रमांकाकडे भिंग लावून कौतुकाने पाहतो, तोच क्रमांक त्या काळी माणसाला फाशीच्या दोरापर्यंत नेऊ शकत होता.

९ सप्टेंबर १९१५ रोजी ओरिसातील बालासोरजवळ चाषाखंड येथे यतींद्रनाथ मुखर्जी, म्हणजे बाघा जतीन, आणि त्यांचे चार तरुण साथीदार पोलिसांच्या वेढ्यात सापडले. पोलिसांजवळ लांब पल्ल्याच्या रायफली होत्या. या पाच जणांजवळ माउझर पिस्तुले. लाकडी म्यान मुठीला जोडून त्यांनी पिस्तुलांच्याच बंदुका केल्या आणि बराच वेळ त्या मोठ्या दलाला रोखून धरले. चित्तप्रिय रायचौधुरी तेथेच पडले. जखमी जतींद्रनाथांनी दुसऱ्या दिवशी बालासोरच्या रुग्णालयात प्राण सोडला. मनोरंजन सेनगुप्त व नीरेंद्र दासगुप्त यांना फाशी झाली. ओबर्नडॉर्फच्या कारागिराने जे म्यान हौशी खरेदीदाराच्या सोयीसाठी योजले होते, त्याचा असा उपयोग होईल हे त्याच्या स्वप्नातही आले नसेल.

आणि तरीही या कथेत एक प्रसंग असा आहे की जो विसरून चालणार नाही. ९ ऑगस्ट १९२५ रोजी लखनौजवळ काकोरी येथे रामप्रसाद बिस्मिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आगगाडी थांबवून सरकारी खजिना लुटला. त्यांच्याजवळ माउझर पिस्तुले होती. उतारूंना इजा करावयाची नाही असा त्यांचा निश्चय होता. पण एका तरुणाच्या हातून पिस्तूल झडले आणि डब्यातून खाली उतरलेला एक निरपराध उतारू मरण पावला. लुटीच्या खटल्याला खुनाचे स्वरूप आले. डिसेंबर १९२७ मध्ये बिस्मिल, अशफाकउल्ला खान, रोशनसिंह आणि राजेंद्र लाहिरी हे चौघे फासावर चढले. तलवारीच्या मुठीला हात घालण्यापूर्वी मुलाला वर्षानुवर्षे लाकडी पट्टा फिरवायला लावणाऱ्या जुन्या आखाड्यांची शिस्त काय सांगत होती, हे अशा वेळी ध्यानात येते. शस्त्र नुसते जवळ असून भागत नाही. हाताला त्याची आणि त्याच्या परिणामांची ओळख असावी लागते.

माउझरची निर्मिती १९३७ च्या सुमारास थांबली. सुमारे दहा लाख पिस्तुले त्या कारखान्यातून बाहेर पडली होती. त्यातील जी राहिली ती आता बहुतेक कपाटांत आहेत, आणि ते योग्यच आहे. ज्यांचे काम संपले ती शस्त्रे विसावली याचे दुःख करण्याचे कारण नाही. मात्र काचेपलीकडचे ते बारीक मुठीचे पिस्तूल पाहताना केवळ त्याची चकाकी आणि क्रमांक पाहून पुढे जाणे म्हणजे ग्रंथाची बांधणी पाहून तो खाली ठेवण्यासारखे आहे. झिजलेली मूठ, उडालेला रंग, म्यानावरचे ओरखडे हा त्याचा खरा मजकूर. संग्राहक ज्याला दोष मानून किंमत कमी करतो, तेथेच इतिहासाची अक्षरे उमटलेली असतात. निखळलेला एक खांदा, रिकामी राहिलेली एक कमर, वखारीत न पोहोचलेली दहा खोकी आणि नकळत सुटलेली एक गोळी, एवढे सारे त्या झिजेत सामावलेले आहे. ते वाचता येईल त्यालाच ते शस्त्र जपून ठेवण्याचा अर्थ कळेल.