मोटारींच्या ओळख क्रमांकाची ३० वर्षांची मर्यादा

चोरीस गेलेल्या मोटारीचा माग काढणे किंवा सदोष मोटारी परत मागविणे शक्य होते ते वाहन ओळख क्रमांकामुळे. अमेरिकेत १९८१ पासून तो १७ स्थानांचा आहे. पहिली तीन स्थाने उत्पादकाची, नववे पडताळणीचे, तर दहावे मॉडेल वर्षाचे. शून्य व एक यांच्याशी गल्लत टाळण्यासाठी आय, ओ, क्यू ही अक्षरे वर्ज्य आहेत.

खरी अडचण दहाव्या स्थानाची होती. वर्षासाठी ३० चिन्हेच असल्याने १९८० चे ‘ए’ २०१० साठी पुन्हा वापरावे लागणार होते. उत्पादन वाढत असताना जुन्या-नव्या मोटारींचे क्रमांक एकच होण्याचा धोका होता. अमेरिकी महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २००८ मध्ये नियम बदलून त्यावर साधाच उपाय केला. प्रवासी मोटारींच्या क्रमांकात सातव्या स्थानी २००९ पर्यंतच्या मॉडेलना अंक आणि २०१० पासून अक्षर असते. ही सोय २०३९ पर्यंत पुरेल.