पाण्यातून येणारी कावीळ

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी लातूरला आली. पहिल्या खेपेत पाच लाख लिटर पाणी होते. टंचाईत पाणी किती मिळाले याची चर्चा होते, ते कसे आहे याची फारशी होत नाही. नळ कित्येक दिवसांनी येतो तेव्हा मधल्या काळात रिकाम्या नळांच्या फटींतून गटाराचे पाणी आत शिरते. नांदेड-लातूरकडील शिक्षकांनी म्हणूनच पुढील इतिहास वर्गात जरूर सांगावा.

१९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेला पूर आला आणि नाल्याचे सांडपाणी शहराचे पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोचले. क्लोरीन वाढवले गेले. विषमज्वर वा हगवण वाढली नाही. पण काही आठवड्यांनी सुमारे २९ हजार जणांना कावीळ झाली. जीवाणू मेले, विषाणू मात्र तरला! गरोदर स्त्रिया अधिक दगावल्या. ही ‘अ’ प्रकारची कावीळ, असे तेव्हा मानले गेले. पण ‘अ’ कावीळ आपल्याकडे बहुतेकांना लहानपणीच होऊन जाते. मग मोठी माणसे कशी आजारी पडली? दिल्लीच्या आणि १९७८-७९ च्या पुण्यातील साथीचे साठवलेले रक्तनमुने तपासल्यावर १९८० मध्ये कळले, की हा विषाणू ‘अ’ नव्हे आणि ‘ब’ही नव्हे. १९८३ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ बालायान यांनी रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन आजार ओढवून घेतला व आपल्याच विष्ठेत विषाणू पाहिला. पुढे त्याला ‘ई’ हे नाव मिळाले. २०१२ मध्ये याच विषाणूने इचलकरंजीत हजारोंना आजारी पाडले.

बहुतेक रुग्ण आपोआप बरे होतात. थोड्यांचे यकृत मात्र अचानक निकामी होते. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा धोका फार मोठा. कावीळ झालेली व्यक्ती असंबद्ध बोलू लागली, दिवसा झोपून रात्री जागू लागली, पुढे धरलेले पंजे फडफडू लागले, हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तर तासही दवडू नये. यकृत रक्त गोठवणारी प्रथिने बनवते आणि अमोनिया काढून टाकते; ही दोन्ही कामे थांबल्याची ही चिन्हे आहेत. रुग्णालयात रक्तातील साखर, मेंदूची सूज, जंतुसंसर्ग यांवर लक्ष ठेवून यकृताला सावरायला वेळ मिळवून देतात. ते न सावरल्यास प्रत्यारोपण. त्यासाठी रुग्ण शुद्धीवर असतानाच पुणे-मुंबई वा हैदराबाद गाठलेले बरे, आणि लातूरहून पुणे तीनशे किलोमीटरहून लांब आहे.

नेमका हा वेळ आपल्याकडे काविळीच्या माळेत जातो. माळ लांबली की कावीळ उतरली, असा समज. माळेतल्या ओल्या काड्या वाळून आकसतात, गाठी सैल होतात आणि माळ लांबते. वर्गातल्या धडधाकट मुलाच्या गळ्यात घालून पाहावी. तिथेही ती लांबते.