ब्रिटिश फ्यूजांवरील निर्मातृचिन्हांचे वाचन

पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश तोफगोळ्यांच्या फ्यूजांवर कोरलेली अक्षरे व आकडे यांस एकसंध लेख मानणे चुकीचे ठरेल. ताम्रपट वाचताना दाता, लेखक व कोरणारा यांची नावे जशी वेगळी करावी लागतात, तशीच येथेही निरनिराळ्या निर्देशांची विभागणी प्रथम केली पाहिजे.

क्रमांक हा फ्यूजच्या नमुन्याचा निर्देश होय. त्यापुढील रोमन आकडा त्या नमुन्याची सुधारित आवृत्ती दाखवितो. बाणाग्राचे चिन्ह सरकारी मालकीचे असून त्याचा निर्मात्याशी संबंध नाही. निर्माता शोधावयाचा तो आद्याक्षरांत किंवा व्यापारचिन्हात. 'आर. एल.' ही अक्षरे वुलिच येथील रॉयल लॅबोरेटरीची; 'व्ही. एस. एम.' ही व्हिकर्स, सन्स अँड मॅक्सिम या कंपनीची. या कंपनीने १९११ मध्ये व्हिकर्स लिमिटेड हे नाव धारण केले. तथापि जुना ठसा नामांतरानंतरही वापरात राहणे शक्य असल्याने कालनिर्णयासाठी कोरलेली तारीखच प्रमाण मानावी.

१९१५ मधील तोफगोळ्यांच्या टंचाईनंतर ब्रिटनमध्ये युद्धसामग्री मंत्रालय स्थापन झाले आणि पूर्वी शस्त्रनिर्मितीशी संबंध नसलेल्या कारखान्यांकडेही कामे गेली. कॅनडातील शेल कमिटीने तर अमेरिकी कंपन्यांस फ्यूजांची कंत्राटे दिली; त्यांच्या चौकशीसाठी १९१६ मध्ये शाही आयोग नेमावा लागला. अशा स्थितीत एकच आद्याक्षरे अनेक कंपन्यांस लागू पडू शकतात. म्हणून नमुना, तारीख व कंत्राटाची नोंद या तिन्हींचा मेळ बसल्याखेरीज ओळख निश्चित समजू नये.

निर्माता निश्चित झाला, तरी रचनेचा उगम कळतोच असे नाही. अठरा पौंडी तोफेच्या श्रॅपनेल गोळ्यांसाठी वापरलेला ८० क्रमांकाचा फ्यूज हे याचे बोलके उदाहरण होय. त्याची रचना जर्मनीतील क्रुप कंपनीची होती. १९०२ च्या करारानुसार व्हिकर्सने दर फ्यूजमागे १ शिलिंग ३ पेन्स स्वामित्वशुल्क देण्याचे मान्य केले होते. युद्धात हाच फ्यूज जर्मन सैन्यावर वापरला गेला आणि युद्धानंतर क्रुपने थकलेल्या शुल्काची मागणी केली. १९२६ मध्ये ४०,००० पौंडांवर तडजोड झाली.

सारांश, निर्मातृचिन्ह हे कारागिरीचे साक्षीदार आहे. कल्पनेच्या स्वामित्वाचे नव्हे. ते स्वामित्व कळावयाचे असेल, तर धातूवरील अक्षरांस कराराच्या कागदांची जोड द्यावीच लागते.