जिंतूरचा ज्वालामुखी कुठे गेला?

२०२४ साली २१ मार्चला आणि पुन्हा १० जुलैला हिंगोली जिल्ह्यात भूकंप झाले. दोन्ही ४.५ तीव्रतेचे, धक्के परभणी-नांदेडपर्यंत. त्यानंतर जिंतूरकडच्या बऱ्याच मंडळींनी मला एकच प्रश्न विचारला. आपला काळा दगड ज्वालामुखीतून आला असं शाळेत शिकवतात. मग तो ज्वालामुखी आहे कुठे, आणि तो परत उठतोय का?

मी सॉफ्टवेअरवाला, भूगर्भशास्त्राशी संबंध वीकेंडपुरता. पण प्रश्न भारी आहे. म्हणजे बघा, नेमगिरीची टेकडी काळ्या दगडाची, चारठाण्याची हेमाडपंती मंदिरं काळ्या दगडाची. इतका लाव्हा, आणि फुजीयामासारखा एकही शंकू नाही!

हा पेच जुना आहे. कंपनी सरकारचा विल्यम हेन्री साइक्स हा अधिकारी १८२४ पासून काही वर्षं दख्खनची आकडेवारी गोळा करत हिंडला. त्याला जिकडे तिकडे सपाट माथ्याचे, पायऱ्या-पायऱ्यांचे डोंगर दिसले. १८३० च्या दशकात त्याने त्यावर लंडनमध्ये लेख छापला. या खडकाला आजही 'ट्रॅप' म्हणतात, ते पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून.

पुढे १८५० च्या दशकात नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याला टाकळीजवळ लाव्ह्याच्या दोन थरांच्या मध्ये वनस्पतींचे आणि गोड्या पाण्यातल्या शंख-शिंपल्यांचे जीवाश्म सापडले. (नागपूरचं हिस्लॉप कॉलेज याच्याच नावाचं.) म्हणजे लाव्हा एकदा आला, थांबला, वर तळी साचली, झाडं उगवली, मग पुन्हा लाव्हा. लॉग फाइलमध्ये दोन नोंदींच्या मध्ये मोठी गॅप दिसावी तसं. पण लाव्हा डोंगर न करता पसरला का, याचं उत्तर मिळायला आणखी शंभरेक वर्षं लागली, आणि ते इथल्या दगडाकडे बघून मिळणारही नव्हतं. तुलनेला दुसऱ्या जातीचा ज्वालामुखी हवा.

तो आपल्याच देशात आहे. अंदमान म्हटलं की मराठी माणसाला सावरकर आणि सेल्युलर जेल आठवतं. त्या पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासून श्री विजयपुरम) ज्याचं नाव होतं, तो आर्चिबाल्ड ब्लेअर १७८९ मध्ये कंपनीसाठी या बेटांचा सर्व्हे करत होता. तेव्हा त्याने बॅरन आयलंडवर उद्रेक चालू असताना पाहिला. शहरापासून साधारण १३५ किलोमीटरवरचं हे बेट म्हणजे भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी. १८३२ नंतर तो दीडशेहून जास्त वर्षं गप्प होता, १९९१ मध्ये पुन्हा उठला.

इथे मात्र शंकू आहे. का? कारण तिथे भारताची प्लेट शेजारच्या बर्मा प्लेटखाली बुडते आहे. १९२०-३० च्या दशकांत जपानच्या वादातीने भूकंपांच्या खोलीच्या नोंदी लावल्या, तेव्हा दिसलं की ते एका तिरप्या पट्ट्यात खोल खोल जातात. अमेरिकेच्या बेनिऑफने हेच इतर ठिकाणी दाखवलं. १९६० च्या दशकात प्लेट टेक्टॉनिक्स आलं आणि अर्थ लागला: तो पट्टा म्हणजे खाली सरकणारी प्लेट.

आता खरी गंमत. ही प्लेट समुद्राचा तळ असते, तिच्या खनिजांत पाणी अडकलेलं असतं. शंभरेक किलोमीटर खोलीपर्यंत दाब आणि उष्णता वाढते, पाणी सुटतं आणि वरच्या गरम खडकात शिरतं. पाण्यामुळे खडक कमी तापमानाला वितळतो. हा मॅग्मा वर येताना बराच चिकट होतो, आत पाण्याची वाफ कोंडलेली. तो फुटतो, राख-दगड तोंडाशीच साचतात, शंकू होतो. आणि प्लेट जिथे जिथे त्या खोलीला पोचते तिथे तिथे हेच घडतं, म्हणून ज्वालामुखी एका कमानीत रांगेने उभे राहतात. बॅरन ही सुमात्रा-जावाकडे जाणाऱ्या रांगेतली एक कडी. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी याच बुडत्या प्लेटच्या सीमेवरची, आणि मे २००५ मध्ये बॅरन पुन्हा धुमसलं.

जिंतूरखाली अशी बुडणारी प्लेट नव्हती. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपली प्लेट आजच्या रियुनियन बेटाखालच्या उष्ण जागेवरून सरकत होती. खोलातून तापलेला खडक वर आला, दाब कमी झाला आणि तो वितळला. पाणी कमी, सिलिका कमी, म्हणून लाव्हा पातळ. तो लांबलचक भेगांतून निघाला आणि शेणाने सारवावं तसा पसरला, थरावर थर. आज उरलेलं क्षेत्रच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतं. त्याच सुमारास या प्लेटची उत्तरेची कड मात्र आशियाखाली बुडत होती. लडाखचा ग्रॅनाइट म्हणजे तिथल्या जुन्या ज्वालामुखी कमानीची मुळं.

तर शोधूनही सापडत नाही, कारण जिंतूरच्या ज्वालामुखीला डोंगर नव्हताच. आणि तो परत उठणार नाही, कारण प्लेट त्या जागेपासून हजारो किलोमीटर पुढे आली. किल्लारीला भूकंपानंतर ६१७ मीटर खोल बोअर घेतलं, त्यात ३३८ मीटर काळा दगड, मग थोडा गाळ आणि खाली जुना ग्रॅनाइटसारखा खडक लागला. आपले धक्के येतात ते प्लेट अजून उत्तरेला आशियावर रेटत असल्याने. जुन्या भेगांवर ताण साचतो आणि कधीतरी सुटतो.

म्हणून भीती असलीच तर वेगळ्या गोष्टीची हवी. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणपती विसर्जनानंतरची. ६.२ तीव्रतेच्या भूकंपात जवळपास दहा हजार माणसं गेली. त्यांना लाव्ह्याने मारलं नाही. याच काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या जाड भिंती आणि वरचं माळवदाचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. असली घरं मराठवाड्याच्या गावागावांत अजून उभी आहेत. ज्वालामुखी कधीच विझला, त्याचे दगड आपण कसे रचतो एवढंच आपल्या हातात आहे. गावाकडे जुनं घर असेल तर पुढच्या खेपेला इंजिनिअर नेऊन भिंती तेवढ्या दाखवून घ्या.