सम्राटाची तौबा

ख्रिस्ती माणूस पाप करतो, पाद्र्याच्या कानात सांगतो आणि मोकळा होतो, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. मुसलमानांच्या बैठकीत मी हे अनेकदा ऐकले आहे. ‘आमची तौबा थेट अल्लाहकडे, मध्ये कुणी नाही,’ हे वाक्यही त्याला जोडूनच येते. दुसऱ्याचा धर्म असा एका वाक्यात उरकणे सोपे असते. आपल्याबद्दल कुणी तसे बोलले की मात्र आपण दुखावतो. म्हणून या पापकबुलीचा इतिहास थोडा पाहू.

सुरुवातीच्या शतकांत ही कबुली मुळीच सोपी नव्हती. खून, व्यभिचार, धर्मत्याग अशा घोर पापांसाठी माणसाला साऱ्या मंडळीसमोर पश्चात्तापी म्हणून उभे राहावे लागे. उपास आणि प्रार्थनेत महिने, कधी वर्षे जात. तोवर त्याला ख्रिस्तप्रसाद मिळत नसे. बाप्तिस्म्यानंतर अशी संधी साधारणपणे आयुष्यात एकदाच मिळे.

या प्रथेपुढे एकदा खुद्द रोमच्या सम्राटाला मान तुकवावी लागली. सन ३९० मध्ये थेस्सलोनिका शहरात एका लोकप्रिय रथचालकाला सेनापती बुथेरिकने कैद केले. चिडलेल्या जमावाने सेनापतीला ठार मारले. सम्राट थिओडोसियसने सूड म्हणून सैनिक सोडले आणि शहरात कत्तल झाली. पुढच्या शतकातला इतिहासकार थिओडोरेट मृतांचा आकडा ७,००० देतो. आकडा कमीजास्त असेल, पण गुन्हेगार आणि निरपराध असा भेद त्या दिवशी कुणी केला नाही.

मिलानचे बिशप अँब्रोज यांनी सम्राटाला पत्र लिहिले. ते आजही उपलब्ध आहे. त्यांनी दाऊद राजाचा दाखला दिला. आपल्या हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांचाच. राजाही चुकतो, पण दाऊद नमला, तसे तुम्हीही नमा. तोवर तुमच्यासमोर मी मिस्सा अर्पण करू शकत नाही, असा त्याचा आशय होता. थिओडोसियसने राजचिन्हे उतरवली आणि चर्चमध्ये लोकांदेखत रडत क्षमा मागितली. त्या वर्षीच्या नाताळात त्याला पुन्हा ख्रिस्तप्रसाद मिळाला. सत्ताधाऱ्याने ‘माझे चुकले’ असे भर सभेत म्हणणे आजही किती दुर्मीळ आहे, हे मी सांगायला नको.

पण गोष्ट इथेच संपवली तर ती अर्धी राहील. दोनच वर्षांपूर्वी, ३८८ मध्ये, फुरात नदीकाठच्या कॅलिनिकम गावात ख्रिस्ती जमावाने ज्यूंचे प्रार्थनास्थळ जाळले होते. तिथल्या बिशपने ते स्वखर्चाने पुन्हा बांधून द्यावे, असा हुकूम याच थिओडोसियसने दिला. अँब्रोज आडवे आले आणि त्यांनी तो हुकूम मागे घ्यायला लावला. निरपराधांच्या रक्तासाठी सम्राटाला रडवणाऱ्या धर्मगुरूला अल्पसंख्य ज्यूंचे जळालेले घर मात्र दिसले नाही.

पुढे कबुलीचे रूप बदलले. सहाव्या शतकापासून आयर्लंडच्या संन्याशांनी खासगी आणि पुन्हा पुन्हा करता येणारी कबुली रूढ केली. कोणत्या पापाला किती उपास, याच्या पुस्तिकाच त्यांनी तयार केल्या. १२१५ च्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा तरी कबुली देणे बंधनकारक केले. ती फोडणाऱ्या पाद्र्याला पदच्युत करून जन्मभर मठात डांबण्याची शिक्षाही ठरवली. पुढे दंडमाफीच्या पत्रांचा बाजार मांडला गेला, तेव्हा १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने त्याविरुद्ध आवाज उठवला. १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने कॅथलिक बाजू पुन्हा मांडली. मनापासून पश्चात्ताप, कबुली आणि प्रायश्चित्त, अशा तीन गोष्टी पाप्याकडून अपेक्षित आहेत. गोव्याचे ख्रिस्ती ज्याला ‘कुमसार’ म्हणतात, तो याच परंपरेतला. म्हणजे ‘सांगितले आणि सुटलो’ हे कॅथलिक चर्चही मानत नाही.

आपल्या उलमांनी अल्लाहचे हक्क आणि बंद्यांचे हक्क असा भेद केला आहे. नमाज चुकली तर तौबा अल्लाहकडे; पण कुणाचा पैसा खाल्ला, कुणावर जुलूम केला, तर आधी त्याचा हक्क परत द्यावा लागतो. येशूची शिकवणही याहून दूर नाही. वेदीवर अर्पण ठेवताना भाऊ नाराज आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट कर, असे मत्तयच्या शुभवर्तमानात आहे.

या कसोटीवर थिओडोसियसचे काय? त्याला बिशपने माफ केले. थेस्सलोनिकाचे मेलेले लोक मात्र माफ करायला उरले नव्हते. कॅलिनिकमचे ज्यू जिवंत होते. त्यांचे प्रार्थनास्थळ बांधून देता आले असते. ते नाकारणाऱ्याला पश्चात्ताप करायला कुणीच लावले नाही. ‘आमची तौबा थेट अल्लाहकडे’ असे अभिमानाने सांगताना आपणही एवढे तपासावे, की ज्याचे नुकसान केले, त्या माणसाकडे आपण गेलो होतो का?